जावयाच्या गाडीचं बॉनेट

सकाळी साडेनऊला रेश्माचा फोन आला तेव्हा धनश्री दुकानासमोर उभी राहून टँकरवाल्याशी हुज्जत घालत होती. फोनवर आधी नुसते हुंदके ऐकू आले. रेश्मा तिची नणंद, पाचवा महिना लागलेला.

“रेश्मा, काय झालं? कुठं दुखतंय का?”

“मला काही नाही झालं, वहिनी. गाडीला झालंय. आईनं ह्यांची गाडी घासली.”

“घासली म्हणजे धुतली ना?”

“घासली. राखेनं. हातात काथ्या होता.”

धनश्रीने टँकरवाल्याला खुणेनेच पाइप सोडायला सांगितलं आणि शेडच्या सावलीत जाऊन बसली.

धोंड्याचा महिना चालू होता. तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, त्याचा मान करायचा. रेश्माचा नवरा रामहरी चाकणकडे एका कंपनीत सुपरवायझर होता. जानेवारीत घेतलेली काळी गाडी घेऊन तो पहिल्यांदाच सासरी आला होता. आज सकाळी मात्र सासऱ्यांबरोबर खर्ड्याला चुलतसासऱ्यांकडे जेवायला जाताना त्याने गाडी अंगणातच ठेवली. वाटेत कुठे खडी उडाली तर रंगाला लागेल, म्हणून दोघं शेजारच्या जीपने गेले. संध्याकाळी पाचपर्यंत यायचे होते.

रामहरी वाईट माणूस नव्हता, पण मानपानाच्या बाबतीत हळवा होता. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात फेटा बांधायला त्याचं नाव उशिरा पुकारलं, तर तो न जेवता उठून गेला होता. त्यानंतर आठ महिने रेश्मा माहेरी आली नाही, राखीलासुद्धा नाही. आता तिचं पहिलं बाळंतपण. सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायचं की चाकणलाच ठेवायचं, हे अजून ठरलं नव्हतं. रामहरीच्या आईचा कल चाकणकडे होता. आज रात्री जेवणं झाली की छबूबाई, धनश्रीच्या सासूबाई, जावयापाशी हा विषय काढणार होत्या. त्यासाठीच पितळेचं मोठं ताट काढून त्या सकाळपासून घासत बसल्या होत्या.

दहाच्या सुमाराला हर्षल गाडी घेऊन आला. हर्षल म्हणजे धनश्रीचा नवरा, रेश्माचा थोरला भाऊ. पाथर्डीत रस्त्याला लागून त्या दोघांची पत्र्याची शेड होती. गाड्या धुणं आणि पॉलिश हा त्यांचा धंदा. शेजारच्या सीटवर छबूबाई पाय आखडून बसल्या होत्या, जणू पायपुसणीलाही त्यांचा स्पर्श होऊ नये. त्यांच्या नखांत अजून राख होती.

बॉनेटच्या डाव्या बाजूला दोन ताटं मावतील एवढा भाग पांढुरका, निस्तेज झाला होता. ऊन पडलं की त्यात अर्धगोल ओरखड्यांचं जाळं दिसे. जाळं बॉनेटच्या मधल्या धारेपर्यंत गेलं होतं आणि धार ओलांडून दोन बोटं पलीकडेही.

“लई व्हय गं?” छबूबाईंनी विचारलं.

“बघते, आई.”

“काल पूजा केली तवा कुकवाचं स्वस्तिक काढलं हुतं. दिसभर उनात तापलं. सकाळी पुसाय गेले तर जाईना. म्हनलं, पाव्हण्याच्या गाडीवर डाग बरा दिसत न्हाई. ताट घासता घासता दोन हात मारले.”

“दोनच?” हर्षल म्हणाला.

“आता मोजलेत का म्या! वल्ली हुती तवर ताटावानी दिसत हुती. वाळली आन् पांढरीफटक पडली.”

“ताटच समजलीस तू. चिंच नाही लावलीस, नशीब आमचं.”

“लावनार हुते,” छबूबाई म्हणाल्या. “संपली हुती.”

धनश्रीला हसू आलं नाही. तिने नखाचं टोक एकेका ओरखड्यावरून आडवं फिरवलं. बहुतेक ठिकाणी नख सरळ गेलं. धारेवर तीन ठिकाणी मात्र अडखळलं.

ती फिजिक्सची बी.एस्सी. लग्नाआधी चार वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायची. आकडा दिसल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं आणि बॉनेटवर टेकवत गेली. एकशे बारा, एकशे आठ, एकशे दहा मायक्रॉन. एवढ्या जाडीत अस्तर, काळा रंग आणि वरचा पारदर्शक थर असं सगळं आलं. चमक त्या वरच्या थराची. तो असेल चाळीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम निम्मा. ओरखडा काढायचा म्हणजे तो थर ओरखड्याच्या तळापर्यंत झिजवायचा. चार-पाच मायक्रॉन गेले तर चालतात. त्यापुढे गेलं तर एखाद-दोन वर्षांत उन्हाने पापुद्रे निघतात. आणि थर पूर्ण फाटला तर काळा रंग उघडा पडतो. मग पॉलिशचा उपयोग नाही, बॉनेट पुन्हा रंगवायचं.

तिचं यंत्र एकूण जाडी सांगायचं, वरच्या थराची वेगळी नाही. आणि धारेवर, जिथे पत्रा वळतो, तिथे ते तीनदा टेकवलं तर तीन वेगळे आकडे दाखवायचं. नेमकं जिथे कळायला हवं होतं तिथेच काही कळत नव्हतं.

“खोबरेल लावून बघू का?” छबूबाई हळूच म्हणाल्या. “वल्लं दिसलं की जातंय.”

हर्षलने धनश्रीकडे पाहिलं. कपाटात तेलासारख्याच कामाची एक बाटली होती. ते द्रव्य ओरखड्यांत भरून बसे आणि दोन-तीन धुण्यांपर्यंत गाडी नवी दिसे. जुन्या गाड्या विकणारे मागून नेत.

“चाकणपर्यंत टिकेल,” तो म्हणाला.

“आणि तिथे पहिल्या पावसात धुऊन जाईल. दाजी म्हणतील, यांनी फसवलं. फेट्यावरून आठ महिने. यावरून किती?”



भिंतीवर पॉलिशची दोन मशीनं टांगलेली होती. एक हर्षलचं जुनं रोटरी. त्याचा पॅड एकाच जागी गरगर फिरतो, झपाट्याने कापतो, आणि त्याच झपाट्याने एका जागी उष्णता साठवतो. दुसरं धनश्रीने दोन महिने वाचून, आकडे ताडून निवडलेलं ड्युअल अॅक्शन. त्याचा पॅड फिरतोही आणि झोकांड्याही खातो, त्यामुळे उष्णता पसरते, रंग जळत नाही. पण कामाला वेळ लागतो. हर्षल त्याला म्हणायचा, “कणीक मळल्यासारखं हलतंय नुसतं.” त्याचा हात रोटरीवर बसलेला होता. धनश्रीचा बसला नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका लाल गाडीच्या दाराची कड तिने रोटरीने जाळली होती. आधी जळका वास आला, मग पॅडवर लाल रंग उतरला. तेव्हापासून तिने रोटरीला हात लावला नव्हता.

“रोटरीनं तासाभरात होईल,” हर्षल म्हणाला.

“सपाटीला माझं मशीन. धारेचं नंतर बघू.”

गाडी धुतली, राखेचा कण न कण काढला. धनश्रीने धारेवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली, मशीनच्या फिरत्या तबकडीवर मार्करने एक रेघ ओढली आणि सुरुवात केली. रेघ फिरताना दिसली म्हणजे पॅड फिरतोय. चार फेऱ्या, पुसणं, दिवा धरून बघणं, मोजणं. बारीक जाळं पहिल्याच खेपेला गेलं. खोल ओरखडे राहिले. तिने पॅड बदलला, जाडसर पेस्ट घेतली. परत चार फेऱ्या. एकशे बाराचे एकशे नऊ झाले.

छबूबाई खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. चहा आणला तर तो तसाच निवला.

दुपारी दोनपर्यंत सपाट भाग खोल पाण्यासारखा काळाभोर झाला. मग तिने पट्टी काढली. धारेवर वीतभर पांढरी ओळ तशीच होती. तिने मशीन धारेवर टेकवलं आणि तबकडीवरची रेघ थांबली. वळणावर पॅडची एकच कड टेकत होती, तिच्यावर भार आला की फिरणं बंद. नुसता थरथराट. जरा कमी दाबाने, जरा तिरपं धरून, सगळं करून पाहिलं. रेघ फिरायला तयार नव्हती.

हर्षलने भिंतीवरून रोटरी काढलं आणि हातात धरून उभा राहिला.

हे निवडायचं मात्र धनश्रीलाच होतं, कारण आकडे तिच्या वहीत होते. ओळ तशीच ठेवली तर रामहरीला ती पहिल्या नजरेत दिसणार. रोटरी लावलं आणि वरचा थर पातळ असला, तर त्या ओळीच्या जागी काळा, निस्तेज पट्टा उघडा पडणार, तो कशानेच झाकता येणार नाही. आणि थर किती आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

“मऊ पॅड,” ती शेवटी म्हणाली. “आणि पांढरा.”

“पांढरा कशाला? काळा आहे की मऊ.”

“काळ्या पॅडवर काळा रंग उतरला तर दिसेल कसा?”

हर्षलने मान डोलावली आणि पांढरा पॅड चढवला.

“सगळ्यात कमी वेग. दोन फेऱ्या झाल्या की थांबायचं. मी थांब म्हटलं की तेव्हाच थांबायचं.”

“बरं, बाई.”

मशीनचा आवाज खर्जातला होता. हर्षलचं मनगट धारेबरोबर असं वळत गेलं की पॅड कुठेही टोचला नाही. धनश्रीला हे कधीच जमलं नसतं. दोन फेऱ्या. तिने हाताची पालथी बाजू पत्र्याला लावली. कोमट. पॅड पाहिला, पांढरा. पुसून दिवा धरला, ओळ अर्धी झाली होती. परत दोन. पत्रा आता अंगात ताप असावा तसा. तिने निवू दिला, घड्याळ लावून पाच मिनिटं. परत दोन. आता ओळ गेली होती, फक्त केसासारखे दोन ओरखडे धारेवरून आडवे राहिले होते.

पॅडवर करडा ठसा होता.

“हे काय?” तिचा आवाज चिरकला.

“पेस्ट आहे गं. झिजलेला वरचा थर. असाच दिसतो.”

तिने तो ठसा पांढऱ्या फडक्यावर घासला. करडाच होता, काळा नव्हता. निदान तिला तसं वाटलं.

“अजून दोन फेऱ्या, की हे पण साफ,” हर्षल म्हणाला. “कशाला ठेवायचं?”

धनश्री वाकली आणि तिने प्लग उपसला.

तेवढ्यात फोन वाजला. रेश्मा होती. “वहिनी, बाबांचा फोन आलेला. तिकडं जेवणं लवकर उरकली. ते कधीचेच निघालेत, चारपर्यंत पोचतील.”

साडेतीन वाजले होते. हर्षलने गाडीवर पाणी मारून ती शेडबाहेर उन्हात घेतली, म्हणजे पाणी वाळेल आणि तशीच घरी नेता येईल. तिघंही बाहेर येऊन उभे राहिले, आणि तिघांनाही एकदमच दिसलं.

डाव्या बाजूचं बॉनेट आरशासारखं झालं होतं. त्यात विजेची तार दिसत होती, तारेवरचा कावळा दिसत होता. आणि उजवी बाजू, दोन्ही दारं, टप, सगळं धुरकट. सूर्याचा डाग जिथे पडे तिथे त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे उमटत. सकाळी ती गाडी नवी वाटत होती. आता तिचा एक तुकडाच नवा होता.

“अगं बाई,” छबूबाई म्हणाल्या. “हे तर लांबूनच दिसतंय.”

“आता काय, परत राख लावू?” हर्षल म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. तो आत गेला आणि कपाटातली ती बाटली घेऊन आला. “निदान बाकीच्या बॉनेटवर. एकसारखं दिसलं की बास.”

धनश्री नको म्हणणार होती. तेवढ्यात रस्त्यावर एक जीप पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. रामहरीला स्वतःची गाडी ओळखू आली होती.

तो उतरला. मागे सासरे सहादेव उतरू लागले, पण बायकोचा चेहरा पाहून पायरीवरच थांबले.

“गाडी इथं कशी?” रामहरीने विचारलं.

“धुवायला आणली, दाजी,” हर्षल बाटली पाठीमागे लपवत म्हणाला. “धूळ लई बसली होती.”

रामहरी गाडीभोवती फिरला. रोज हात लागणाऱ्या वस्तूत काही हललं तर माणसाला न सांगता कळतं. तो बॉनेटसमोर येऊन थांबला.

“ही एवढीच बाजू का चकाकतेय?”

छबूबाई पदर सावरत पुढे आल्या.

“जावईबापू, म्या घासली ती. राखंनं. कुकवाचा डाग काढाय गेले आन् सगळं बरबाद केलं. ह्या दोगांनी सकाळपासनं अन्नाला शिवलं न्हाई, तेच निस्तरत बसलीत. त्यांना काय बोलू नका.”

रामहरीचा जबडा आवळला. लग्नात फेट्याच्या वेळी असाच आवळला होता. तो वाकून धारेकडे बघू लागला.

“हे दोन राहिलेत.”

“हो,” धनश्री म्हणाली. “काढता आले असते कदाचित. पण तिथे वरचा थर किती उरलाय ते मला मोजता येत नाही. म्हणून थांबले.”

तो तसाच वाकून राहिला. मग त्याची नजर उजवीकडे सरकली.

“आणि ही बाजू? हीपण मामींनी घासली?”

“न्हाई हो!” छबूबाई दचकून म्हणाल्या. “देवाशपथ, तिकडं हात न्हाई लावला.”

“मग हे गोल गोल ओरखडे कशाचे?”

हर्षलने घाईघाईने म्हटलं, “धूळच असते ओ रस्त्याची, दाजी. आमच्याकडचा वारा तुम्हाला ठाऊक आहे.” आणि त्याने धनश्रीकडे अशा नजरेने पाहिलं की ती नजर हात जोडत होती.

धनश्रीला तीन उत्तरं सुचली. धूळ. शोरूमवाल्यांनी देताना केलेली घाईची धुलाई. काळ्या रंगाला असं व्हायचंच. तिन्ही थोडी थोडी खरी होती. मनात रेश्माचा सातवा महिना होता. पण उत्तराची वाट बघत रामहरी थेट तिच्याकडेच पाहत होता.

“कोरड्या फडक्याचे आहेत,” ती म्हणाली. “गाडीवर धूळ असताना न धुता फडकं मारलं की धुळीचे कण घासले जातात.”

“फडकं तर मीच मारतो,” रामहरी म्हणाला. “रोज. ड्युटीला जायच्या आधी.”

रस्त्यावरून एसटी गेली. सहादेवांनी जीपच्या दांडीला धरलेला हात अजून सोडला नव्हता.

“मला कोणी सांगितलं नाही,” रामहरी म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही.

“आमाला तरी कुनी सांगितलं हुतं,” छबूबाई बोलून गेल्या, आणि लगेच त्यांनी पदर तोंडावर धरला.

रामहरीने त्यांच्याकडे पाहिलं. रागावलाय की हसतोय हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरवता येईना. त्याने उजव्या बाजूवर बोट टेकवलं, आणि मग घाईने उचलून घेतलं.

“सगळी गाडी अशी करायला किती वेळ लागेल?”

“तीन दिवस,” धनश्री म्हणाली. “घाई केली नाही तर.”

“मला उद्या रात्रपाळी आहे.” “मी सकाळच्या एसटीनं जातो. रविवारी येतो गाडी न्यायला.”

“आन् रेश्मा?” रात्रीच्या जेवणाची वाट न बघता छबूबाईंनी विचारलं.

“ती कशाला एसटीत धक्के खाईल? राहू द्या रविवारपर्यंत.”

“रविवारचं न्हाई म्हनत म्या. सातव्याचं म्हनते.”

हर्षलने डोळे मिटून घेतले. रामहरी जीपकडे निघाला होता, तो वळला.

“ते रविवारी बोलू, मामी. गाडी बघतो, मग बोलू.”

रामहरीला आणि सहादेवांना घेऊन जीप घराकडे गेली. धूळ उठली आणि हळूहळू गाडीवर येऊन बसू लागली. छबूबाईंचा हात सवयीने पदराकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि त्यांनी तो दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला.

हर्षलने गाडी परत सावलीत घेतली. “कुठल्या मशीननं सुरुवात करायची?” त्याने विचारलं. आवाजात कुठेही टोमणा नव्हता.

“आज कुठल्याच नाही. आधी मोजू. दारं, टप, डिकी, सगळं. धारा सोडून.”

तिने वहीचं नवं पान काढलं, त्यावर गाडीची आकृती काढली आणि तिचे चौकोन पाडले. उजव्या पुढच्या दारावर यंत्र टेकवलं. एकशे सात. तिने लिहिलं. मागचं दार, एकशे पाच. मग स्टुलावर चढून टपाच्या मधोमध टेकवलं आणि आकडा वाचला. तिथून उचलून बोटभर पलीकडे टेकवलं, परत वाचला.

“किती?” हर्षलने खालून विचारलं.

“ब्याऐंशी.”

दारांपेक्षा तेवीस-पंचवीसने कमी; टप घासायला तेवढी जाडी आहे का, कोण जाणे. छबूबाई त्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या.

“कमी हाय का गं?”

“थांबा, आई,” धनश्री म्हणाली आणि यंत्र आणखी बोटभर पुढे सरकवलं. “अजून मोजायचंय.”